सूर्य मावळायच्या आत

अध्यक्ष महाशय, पाळकसाहेब आणि बंधुभगिनींनो, आजचा विषय पत्रिकेत ‘विश्वास आणि कृती : पौल व याकोब’ असा छापला आहे, म्हणजे नव्या करारात ज्यांची पत्रं आहेत ते दोघे. त्याकडे मी येणारच आहे. पण आधी मनात कधीची साठलेली एक गोष्ट बोलू द्या.

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या २०व्या अध्यायातला, येशूने सांगितलेला द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला तुम्हाला पाठ आहे. पहाटे आलेल्याला एक दिनार आणि दिवस कलताना आलेल्यालाही एकच दिनार. यावर आपण किती प्रवचनं ऐकली! देवाची कृपा, शेवटचे ते पहिले, सगळं खरं. पण त्यातल्या एका साध्या गोष्टीवरून आपण भराभर पुढे जातो. संध्याकाळ होताच मालक कारभाऱ्याला सांगतो, कामकऱ्यांना बोलाव आणि मजुरी दे. संध्याकाळीच! ‘पुढच्या आठवड्यात ये’ नाही, ‘हिशेब बघून सांगतो’ नाही. ऐकणाऱ्यांना त्यामागचं नियमशास्त्र ठाऊक होतं. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात आज्ञाच आहे : गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या. त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो.

आता मी पाहिलेलं सांगतो. कोणत्या चर्चची मंडळी, ते नाव घेणार नाही. प्रार्थनामंदिराला नवा रंग दिला होता, वास अजून गेला नव्हता. आत आमची प्रार्थनासभा चालली होती आणि विषय होता उदारता. एकेक जण उठत होता, सुंदर प्रार्थना करत होता. दाराशी रंगारी उभा. नखांच्या कडांना पांढरा रंग, हातात घडी घालून घालून मऊ पडलेला हिशेबाचा कागद. मधूनच आत डोकवायचा, कुणी डोळे मिटलेले दिसले की मागे सरकायचा. अखेर मंडळीचा कारभार पाहणारे एक वडील उठून बाहेर गेले. मला वाटलं, चला, पैसे देतील. त्यांनी त्याच्या हातात उपासनेची पत्रिका ठेवली, म्हणाले, ‘रविवारी नक्की या, संदेश फार छान असतो.’ त्याने विचारलं, ‘आणि पैशांचं?’ ‘बघू.’ त्याने पत्रिका कागदाच्या घडीत सरकवली आणि तो गेला.

ते वडील वाईट नव्हते. त्यांना त्या माणसाच्या आत्म्याची खरंच काळजी होती, म्हणून तर मला जास्त लागलं. पण त्या संध्याकाळी त्याला कोणतं शुभवर्तमान ऐकू आलं असेल? याकोब ५व्या अध्यायात म्हणतो की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी जाते. आमच्या प्रार्थना आणि ती ओरड एकाच वेळी वर चालल्या होत्या!

प्रार्थना आणि हातचं काम वेगळं न मानणारा एक माणूस आठवतो. सतराव्या शतकात पॅरिसला कार्मेली संन्याशांच्या मठात ब्रदर लॉरेन्स होते. आधी शिपाई, युद्धात जखमी झालेले. मठात वर्षानुवर्षं स्वयंपाकघर सांभाळलं, आणि ते काम त्यांना मुळीच आवडायचं नाही! तरी म्हणायचे, देवाच्या प्रेमाखातर जमिनीवरची काडी उचलली तरी मला पुरे. १६९१ साली वारले. त्यांच्यावर खरं तर तासभर बोलायला हवं, पण अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे : पाच मिनिटं.

तर पौल आणि याकोब. भराभर सांगतो. पौल म्हणतो, नियमशास्त्राच्या कर्मांनी कुणी नीतिमान ठरत नाही. याकोब म्हणतो, कृतीवाचून विश्वास मेलेला. भांडण दिसतं, पण दोघांसमोरचे लोक वेगळे आहेत. पौलासमोर आपल्या कर्मांवर हक्क सांगणारे, याकोबासमोर उघड्यानागड्या भावाला ‘ऊब घे’ म्हणून रिकाम्या हाती पाठवणारे. आणि पौलही इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात एका दमात दोन्ही सांगतो : तारण कृपेने, कर्मांनी नव्हे, पण आपण निर्माण झालो ते सत्कृत्यांसाठी. दुसऱ्या अध्यायातली ८ ते १० ही वचनं घरी जाऊन सलग वाचा.

लूकच्या शुभवर्तमानातल्या जक्कय या श्रीमंत जकातदाराचा क्रमही पाहा. प्रभू आधी त्याच्या घरी उतरतो, मग जक्कय उभा राहून सांगतो : अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट. कृपा पहिली. पण ती घरात आली आणि जक्कयाने लगेच पैशांचाच हिशेब काढला, तोही चारचौघांत.

पौल आणि याकोब दोघंही अब्राहामाचंच उदाहरण देतात, तो मुद्दा राहिलाच. पौलाच्या रोमकरांस पत्राचा ४था अध्याय आणि याकोबाच्या पत्राचा २रा शेजारी ठेवून वाचा, प्रश्नोत्तरांत त्यावर बोलू.