अपग्रेड फसलं म्हणून लगेच फॉरमॅट मारू नका

नमस्कार मंडळी. मागं उभं राहिलेल्यांनी पुढं या की, इथं खुर्च्या रिकाम्या आहेत.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून ज्यानं त्यानं विंडोज ११ टाकायला घेतलंय. आपल्या बेळगावात टिळकवाडीत विचारा, खानापुरात विचारा, निपाणीत विचारा, एकच तक्रार, "रात्री अपडेटला लावून झोपलो, सकाळी बघतोय तर नुसतं गोल फिरूलालंय." मग ओळखीतला कोणतरी पोरगा येतो, दोन बटणं दाबून बघतो आणि म्हणतो फॉरमॅट मारूया, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकूया. मला आज जे सांगायचंय ते ह्या फॉरमॅटबद्दलच आहे. अपग्रेड फसलं तरी तुमचे लग्नाचे फोटो, दुकानाचा हिशेब, शेताचे उतारे स्कॅन केलेले, हे सगळं बहुतेक वेळा डिस्कवर जिथल्या तिथं असतं. जातं ते नंतरच्या घाईत.

आत काय चालतं ते बघा. अपग्रेडचा प्रोग्रॅम आधी तुमचं मशीन तपासतो, फाईली उतरवून एका लपलेल्या फोल्डरात ठेवतो. मग रिस्टार्ट होऊन एक छोटी तात्पुरती सिस्टिम चालू होते, ती जुनं विंडोज उचलून विंडोज डॉट ओल्ड नावाच्या फोल्डरात ठेवते आणि नवीन मांडते. म्हणजे नव्या घरात सामान लावताना जुनं घर पाडत नाहीत, कुलूप लावून ठेवतात. त्यानंतर परत रिस्टार्ट, ड्रायव्हर (प्रिंटर, वायफाय असलं हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्रॅम) बसतात, परत एकदा रिस्टार्ट, सेटिंग येतात. मधी कुठं अडलं तर ते स्वतःच उलटं फिरतं, स्क्रीनवर "अनडूइंग चेंजेस" असं काहीतरी येतं आणि जुनं विंडोज जागेवर बसवतं. ह्या वेळेला मशीन बंद करू नका! जुनी हार्डडिस्क असेल तर तास-दोन तास सहज जातात, डिस्कचा लाईट लुकलुकतोय ना, मग काम चाललंय, थांबायचं. माणसं इथंच कंटाळून स्विच काढतात आणि परत येत असलेली सिस्टिम खरोखरची मोडते.

आणि आपल्याकडं पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसतो, खानापूरच्या बाजूला तर नाहीच, तेव्हा डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय अपग्रेडला हात लावू नका. घरात इन्व्हर्टर आहे म्हणाल, पण लाईट गेल्यावर तो बॅटरीवर यायला जो क्षणभर घेतो तेवढ्यात कंप्यूटर बंद पडू शकतो, बऱ्याच इन्व्हर्टरला यूपीएस मोडचं बटण असतं ते चालू आहे का बघा. लॅपटॉपवाल्यांनी फुल चार्ज करून चार्जर लावूनच बसायचं.

आता जुनं विंडोज परत आलं आणि एक कोड दाखवला. तो कोड लोक वाचतच नाहीत, क्रॉस दाबून मोकळे. मोबाईलवर फोटो काढा त्याचा, कारण अर्धं उत्तर तिथंच असतं. ०एक्स८००७००७० असेल तर सी ड्राइव्हवर जागा नाही, एवढंच. डी मोकळा आहे म्हणून चालत नाही, सी वरच वीसेक जीबी तरी रिकामी करायची. ०एक्ससी१९००२०८ म्हणजे एखादा जुना प्रोग्रॅम नवीन विंडोजला चालत नाही, तो काढायचा. आणि सगळ्यात जास्त दिसतो तो ०एक्ससी१९००१०१, हा बहुतेक ड्रायव्हरचा असतो, ह्याच्या पुढं डॅश देऊन अजून एक आकडा येतो, ०एक्स२००१७ किंवा ०एक्स३००१८ असा. त्यात एक्सनंतरचा पहिला अंक म्हणजे कुठल्या टप्प्यात अडलं ते, २ म्हणजे मघाशी सांगितलेली तात्पुरती सिस्टिम, ३ म्हणजे त्यानंतरचा पहिला रिस्टार्ट, ४ म्हणजे दुसरा. उपाय साधा आहे पण करायला पाहिजे, प्रिंटर, स्कॅनर, पेन ड्राइव्ह सगळं काढा, फक्त माऊस-कीबोर्ड ठेवा, बाहेरचा अँटिव्हायरस अनइन्स्टॉल करा, ग्राफिक्स आणि वायफायचे ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून नवीन घाला आणि परत लावा. गणपत गल्लीत, खडे बाजारात ज्यांचं डीटीपीचं काम आहे त्यांच्या मशीनला जुन्या मराठी सॉफ्टवेअरचं डोंगल (ते सॉफ्टवेअर चालायला मशीनला लावायची किल्ली) असतं, त्याचा ड्रायव्हर दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा असतो, तो पहिला काढून बघा. कोड कळला नाही तर मायक्रोसॉफ्टचं सेटअपडायग नावाचं फुकटचं टूल आहे, ते लॉग वाचून कारण सांगतं.

विंडोज चालूच होईना अशी वेळ आली तर मशीन चालू होत असतानाच पॉवरचं बटण दाबून ठेवून तीनदा बंद करा, मग रिपेअरचा निळा स्क्रीन येतो. त्यात स्टार्टअप रिपेअर आहे, शेवटचा अपडेट काढायचा पर्याय आहे, ते करून बघाच. पण माझं म्हणणं आधी डेटा बाहेर काढा. तिथंच कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायची काळी खिडकी आहे, त्यात नोटपॅड असं टाइप करा, फाईल, ओपन, खाली "ऑल फाईल्स" निवडा, आणि तुमचे सगळे ड्राइव्ह समोर दिसतात की! राइट क्लिक करून फोल्डर कॉपी, पेन ड्राइव्हवर पेस्ट. ड्राइव्हची अक्षरं तिथं बदललेली असू शकतात, सी चा डी झालेला दिसला तर घाबरू नका. एकच अडचण, बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला घातलेलं कुलूप, चालू असेल तर ४८ अंकी की मागतो. ती साधारणपणे तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सेव्ह असते, मोबाईलवरून लॉगिन करून मिळते. अपग्रेडच्या आधीच कागदावर लिहून ठेवा ना.

एका काकांनी चिठ्ठी पाठवलीय, विंडोज ११ ला लागतं म्हणून बायॉसमध्ये (मशीन चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) बूटची जुनी लेगसी पद्धत बदलून नवी यूईएफआय केली आणि आता "नो बूटेबल डिव्हाइस" येतंय. काका, डिस्क गेलेली नाही. तिची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची आहे म्हणून यूईएफआयला दिसत नाही, बायॉसमध्ये जाऊन परत लेगसी करा, विंडोज येईल. मग बॅकअप घेऊन विंडोजमधल्याच एमबीआर२जीपीटी टूलनं डिस्कची मांडणी नव्या जीपीटी पद्धतीची करून घ्या आणि नंतरच सेटिंग बदला. विंडोज ११ ला लागणारा टीपीएम २.० हा सिक्युरिटीचा भागपण बायॉसमध्येच बंद असतो बऱ्याचदा, इंटेलवर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम नावानं. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर मात्र जबरदस्ती करू नका, विंडोज १० ला घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सिक्युरिटी अपडेट मिळतात, त्याला नाव नोंदवा.

आणि अपग्रेड झालं पण आवडलं नाही, तर सेटिंगमध्ये रिकव्हरीत "गो बॅक" १० दिवस असतं. तोवर डिस्क क्लीनअप करून विंडोज डॉट ओल्ड उडवू नका.

शेवटचा प्रश्न ताईंचा, फॉरमॅट आधीच मारलंय, डी ड्राइव्हवरच्या मराठी आणि नुडी ह्या कन्नड सॉफ्टवेअरात टाइप केलेल्या कन्नड फाईली उघडल्या तर सगळी इंग्रजी अक्षरं नि चिन्हं दिसतात. ताई, मजकूर शाबूत आहे. जुन्या फॉन्टमध्ये फाईलीत इंग्रजीचेच कोड असतात, त्याला मराठी-कन्नडचं रूप फॉन्ट देतो, आणि तो फॉन्ट सी ड्राइव्हवर होता. त्या फाईली आता सेव्ह करू नका, फॉन्टपण बदलू नका. ज्यांच्याकडं तेच सॉफ्टवेअर आहे त्यांच्याकडून तोच फॉन्ट घ्या, राइट क्लिक, "इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स", वर्ड बंद करून परत उघडा. नाही दिसलं तर फाईल पेन ड्राइव्हवर घेऊन या, मी इथं अजून तासभर आहे.