काकवी, पेज आणि समुद्रातलं जड तेल

(फोंड्यात दिलेल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मे महिना संपत आला की कोलव्याला किंवा मोबोरला अनवाणी फिरून आलेल्या माणसाला घरात घेण्याआधी आपण त्याचे तळवे बघतो. काळे, चिकट ठिपके. साबणानं हलत नाहीत, खोबरेल लावून चोळावे लागतात. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं या डांबरगोळ्यांचा बराच अभ्यास केला आहे. समुद्रावर सांडलेल्या तेलातला हलका भाग उन्हावाऱ्यानं उडून जातो आणि मागं हा गाळ राहतो.

आज समुद्रतळाखालच्या ज्या जड तेलाबद्दल बोलायचंय तेही असंच मागं राहिलेलं. फक्त त्यातला हलका भाग उन्हानं नाही, जिवाणूंनी नेलाय. साठा उथळ असला, ऐंशी अंशांपेक्षा थंड असला की जिवाणू तिथं तग धरतात, आणि लाखो वर्षं निवांत जेवतात. चांगलंचुंगलं ते खातात, आपल्यासाठी टोपाच्या बुडाची खरवड ठेवतात.

तेलाचं जडपण एपीआय अंशांत मोजतात, आणि ते उलटं चालतं. आकडा लहान, तेल जड. पाण्याचा आकडा 10. मुंबई हायचं तेल 38-39च्या आसपास, म्हणजे हलकं, वाहतं. समुद्रात विहिरी खोदणाऱ्या सागर सम्राटनं ते 1974मध्ये शोधलं आणि 1976मध्ये उत्पादन सुरूही झालं. आता उत्तर समुद्रातलं मरिनर हे तेलक्षेत्र बघा. तेल 12 ते 14 अंशांचं. सापडलं 1981मध्ये, बाहेर आलं 2019मध्ये. अडतीस वर्षं! ते सापडलं तेव्हा तिथं कामाला असलेले बहुतेक लोक तोवर नातवंडं खेळवत असणार. तेल कुठं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते हलवायचं कसं, तिथं घोडं अडलं होतं.

का अडलं ते दाखवतो. या काचेच्या नळीत बेतुलची वाळू भरलीय आणि वाळूत मुरवलीय काकवी. आता वरून पाणी दाबतो, दिसावं म्हणून त्यात थोडा रंग घातलाय. बघा. पाणी काकवीला ढकलत नाही. त्यानं कडेनं वाट काढली, खाली पोचलंसुद्धा, आणि काकवी जिथल्या तिथं. पाण्याला बोटं फुटतात, असं आम्ही म्हणतो. (काकवी पाण्यात विरघळते, तेल विरघळत नाही, तेवढी सूट मला द्या.) आता दुसरी नळी. हिच्यात साध्या पाण्याऐवजी पेजेची निवळ सोडतो. ही सावकाश जाते, पण सगळी रुंदी धरून जाते, आणि पुढं काकवी सरकते. स्कॉटलंडच्या किनाऱ्यापलीकडच्या कॅप्टन क्षेत्रात हेच करतात. तिथलं तेल पाण्यापेक्षा जवळपास शंभरपट घट्ट. पेजेच्या जागी समुद्राच्या पाण्यात पॉलिमर, म्हणजे पाणी घट्ट करणारं रसायन, कालवून ते तेल मुरलेल्या वाळूच्या थरात दाबतात. कॅप्टनही 1977मध्ये सापडलं आणि 1997मध्ये सुरू झालं.

शिवाय विहीर उभी नेऊन भागत नाही. ती थरात शिरली की आडवी वळवायची आणि वाळूतून किलोमीटर-दीड किलोमीटर न्यायची, म्हणजे तेलाला थोडंच अंतर सरकावं लागतं. ही वाळू बऱ्याचदा सुटी, समुद्रकिनाऱ्यावरच्यासारखी. जाळ्या बसवल्या नाहीत तर तेलाऐवजी वाळूच वर येते.

विहिरीत खोल विजेचे पंप सोडतात. ब्राझीलच्या पेरेग्रिनोमध्ये 14 अंशांचं तेल असंच पंपानं वर घेतात. एवढ्या पंपांना वीज हवी, आणि इथं एक चेष्टा आहे. हलक्या तेलाबरोबर भरपूर वायू येतो, त्यावर जनित्रं चालतात. जड तेलात वायू जेमतेम. नॉर्वेचं ग्राने 2003मध्ये सुरू झालं तेव्हा थरातला दाब टिकवायलासुद्धा वायू नळानं बाहेरून आणावा लागला. तेलाच्या डोक्यावर बसून इंधन उसनं!

वीज गेली की काय होतं ते मी अनुभवलंय. कंपनीचं नाव सांगत नाही. समुद्रातल्या फलाटावर रात्रपाळी होती. अशा ठिकाणी माणसाला आवाजाची इतकी सवय असते, की जाग येते ती शांततेनं. जनित्रं बंद, पंप बंद. नियम असा, की ठरल्या वेळात नळांतलं तेल डिझेलनं पुढं ढकलून काढायचं. आमचा डिझेलचा पंपच रुसला. माझ्याबरोबर सावर्ड्याचा एक मुलगा होता. दर अर्ध्या तासानं तो नळावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "सर, निवतंय." पहाटे म्हणाला, "निवलं." त्या एका नळातलं तेल पुन्हा हलवायला आम्हाला तीन दिवस लागले, आणि दाबमापकाचा काटा पहिल्यांदा थरथरला तेव्हा त्या पोरानं चक्क नळाला नमस्कार केला.

वर आलेलं तेल पाण्यात घुसळलेलं असतं. हलकं तेल टाकीत आपसूक तरंगतं. इथं दोघांचं वजन जवळजवळ सारखं, मग कोण वर जाणार? म्हणून तापवायचं, कारण तापल्यावर पाण्यापेक्षा तेल जास्त हलकं होतं आणि पातळही. त्यात तेल-पाण्याची ही घुसळण फोडणारं औषध, वर विजेचा दाब देऊन बारीक थेंब एकमेकांत मिसळवणं. माझी निम्मी नोकरी या टाक्यांपाशी गेली.

(एका बाईंनी विचारलं, एवढं पाणी वर येतं त्याचं करता काय?)

वहिनी, बरोबर विचारलंत. म्हाताऱ्या क्षेत्रात दहा पिंपं वर आली तर त्यातली नऊ पाण्याचीही असतात. ते गाळायचं, तेलाचा अंश काढायचा, आणि बरंचसं पुन्हा थरात दाबायचं, पुढचं तेल ढकलायला. शेजारच्या बायका विचारायच्या, तुमचे हे समुद्रात काय करतात? आमची ही सांगायची, पाणी वर काढतात, गाळतात, आणि परत खाली सोडतात. यासाठी पगार मिळतो, हे तिच्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही.