आस हलली नाही पाहिजे

(नागपुरातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, बाहेर आवारात ताडपत्रीखाली काहीतरी झाकून ठेवलंय, ते येताना तुम्ही पाहिलंच असेल. पुढच्या रांगेतल्या पोट्ट्यांनी ती ताडपत्री दोनदा उचलली, तेही मी पाहिलंय. जरा धीर धरा राजेहो. फळ्यावर विषय लिहिलाय, ‘गंमत म्हणून केलेले चाकांचे प्रयोग आणि त्यामागचं यंत्रशास्त्र’. यंत्रशास्त्राकडे येणारच आहे, पण आधी तान्ह्या पोळ्याकडे, म्हणजे पोरांच्या लाकडी नंद्यांच्या सणाकडे जाऊ, कारण माझं चाकाचं वेड तिथूनच सुरू झालं.

मी सहा-सात वर्षांचा असेन. आम्ही नागपूरच्या महाल भागात राहायचो. माझा नंदी सागवानी, फूटभर उंच, पाटावर चार चाकं. पोळ्याच्या रात्री तो पायरीवरून गडगडला आणि पुढचं डावं चाक दुभंगलं. सकाळी सुतारकाकांकडे धावलो. त्या मापाचं चाक त्यांच्याकडे नव्हतं. होतं ते बोटभर लहान. त्यांनी तेच आसाला, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याला, खिळा मारून पक्कं केलं आणि म्हणाले, “जा, बोजारा गोळा कर.” बोजारा म्हणजे नंदी घेऊन दारोदार गेलं की पोरांना मिळणारी ओवाळणी.

आता गंमत बघा. मागून ढकललं की नंदी सरळ जाईचना! डावीकडे वळायचा. समोरच्या काकूंच्या दाराकडे तोंड करून सोडावं, तर हा निघाला नालीकडे. मी रडकुंडीला आलो. आजोबा मात्र खूष. त्यांनी अंगणात रांगोळीचं पीठ पसरलं, नंदी त्यावरून ढकलायला लावला आणि चाकांची खूण दाखवली. सरळ रेघ नव्हती, कमान होती. “लहान चाक एका फेऱ्यात कमी वाट कापतं,” आजोबा म्हणाले, “आणि दोन्ही एकाच आसाला ठोकलेली, म्हणून फेरे सारखेच. मग बैल वळणार नाही तर काय करणार?”

माझ्या नंदीत जो दोष होता, तोच आगगाडीत मुद्दाम ठेवलेला असतो. आगगाडीची दोन्ही चाकं आसाला घट्ट बसवलेली, मोटारीसारखं डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळे फेरे घेऊ देणारी गिअरची जोडणी, तिथे नाही. मग गाडी वळते कशी? रेल्वेचं चाक सपाट नसतं, उतरतं असतं. आपल्याकडे हा उतार विसास एक. वळणावर चाकांची जोडी बाहेरच्या रुळाकडे सरकते. मग बाहेरचं चाक जाड भागावर चालतं, आतलं बारीक भागावर. जोडी आपोआप वळते. आपण या गावाला जंक्शन म्हणून मिरवतो, पण फलाटावर उभं राहून चाकाकडे किती जण बघतात? परत जाल तेव्हा नक्की बघा.

पुढे मी एका तांत्रिक महाविद्यालयात वर्कशॉप शिकवायला लागलो. भंगारातून एक मारुती 800 मिळाली. पोरं म्हणाली, “सर, चौकोनी चाकं लावू.” मी लगेच हो म्हणालो. तिचा मूळ टायर 145/70 आर 12, म्हणजे सुमारे 51 सेंटीमीटर व्यासाचा. चौकोनाची बाजू 36 सेंटीमीटर घेतली की कर्णही 51 येतो, म्हणजे मडगार्डला घासत नाही. पोलादी पत्र्याचे चार चौकोन वेल्ड केले, वर जुन्या टायरचं रबर बसवलं. रस्त्यावर नाही हं. मागच्या मैदानात, हेल्मेट घालून, दोरी लावून.

पहिल्या दिवशी गाडी जागची हलली नाही. पहिला गिअर, क्लच सोडला की इंजिन बंद. पाच-सहा वेळा तेच. चाक बाजूवर बसलेलं असतं तेव्हा आस जमिनीपासून 18 सेंटीमीटरवर, कोपऱ्यावर उभं राहतं तेव्हा साडेपंचवीसवर. म्हणजे अख्खी गाडी साडेसात सेंटीमीटर उचलायची, तीही चारही चाकांवर एकाच वेळी! आठशेच्या इंजिनात तेवढा टॉर्कच, म्हणजे चाक फिरवायचा जोरच, नाही. पोरं निराश झाली. सगळ्यांत मागे उभी असलेली उमरेडची एक मुलगी म्हणाली, “सर, मागची चाकं कोपऱ्यावर उभी करा. पुढचा भाग चढेल तेव्हा मागचा उतरेल.”

मी तिच्याकडे बघतच राहिलो. विटा लावून मागची दोन्ही चाकं कोपऱ्यावर धरली, पुढची बाजूवर ठेवली. क्लच सोडला, विटा काढल्या आणि गाडी निघाली! डुलत, गुरगुरत, पण निघाली. ताशी 5 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास चार धक्के. तीस-चाळीस पावलं सरळ गेली. मग चालवणाऱ्यानं स्टिअरिंग फिरवलं. वळताना बाहेरचं चाक जास्त वाट कापतं, त्यामुळे ताल बिघडला. डावं वर, उजवं खाली, गाडी हत्तीसारखी हलली आणि इंजिन बंद पडलं. त्या अर्ध्या तासात पोरांना टॉर्क, डिफरन्शियल आणि फेज, म्हणजे चाकांच्या चढ-उताराचा ताल, हे तिन्ही समजलं. माझी दोन वर्षांची लेक्चरं त्यापुढे फिकी.

आणि पुढच्याच आठवड्यात वरून तोंडी आदेश आला, हा उद्योग बंद करा. का, तर परीक्षेत येत नाही. गाडी भंगारात गेली. ते दुःख माझ्या मनातून आजही जात नाही. अशा उद्योगांना जागा द्या, खरं तर आज मी हेच सांगायला आलोय, पण घड्याळ दाखवतायत, म्हणून भरभर सांगतो.

हवेचा टायर रुळवणारा डनलॉप पशुवैद्य होता. बेलफास्टला 1887 मध्ये पोराच्या तीनचाकीसाठी त्यानं लाकडी चकतीवर हवेची नळी बसवली आणि ती आवारात घरंगळत सोडून बघितली. रॉबर्ट थॉमसननं तर 1845 मध्येच हवेच्या टायरचं पेटंट घेतलं होतं, पण ते विस्मरणात गेलं. 1971 मध्ये चंद्रावर अपोलो 15 ची गाडी फिरली. तिच्या चाकात रबर नव्हतं, हवा नव्हती. जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी तारेची जाळी आणि वर टायटॅनियमच्या पट्ट्या. 1976 मध्ये टायरेल पी 34 या शर्यतीच्या सहाचाकी गाड्यांनी स्वीडनच्या ग्रां प्री शर्यतीत पहिला आणि दुसरा नंबर मिळवला. पुढे नियमानं सहा चाकं बंदच केली. ‘असं केलं तर?’ हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी कुणीतरी विचारला होता, आणि करून बघायला कुणीतरी जागा दिली होती. माझी मागणी एवढीच: प्रत्येक तांत्रिक महाविद्यालयात एक शेड, एक भंगार गाडी आणि आठवड्याला दोन तास, ज्यांना गुण नाहीत.

आणि मुख्य मुद्दा. चाक गोल असणं ही अट नाहीच. आस वर-खाली हलली नाही पाहिजे, ही अट. चाक गोल नसेल तर रस्ता बदला. लोंबकळत्या साखळीचा आकार उलटा करून तसे उंचवटे एकाला लागून एक मांडले, तर चौकोनी चाक त्यावरून सपाट जातं. पंचकोन, षटकोनही जातात. त्रिकोण मात्र जात नाही, त्याचा कोपरा पुढच्या उंचवट्यात अडतो. त्रिकोणही करून पाहिला, म्हणून सांगतो.

बाहेरची ताडपत्री आता काढतोय. ट्रॉलीच्या चाकाची बाजू 20 सेंटीमीटर, उंचवटे 17.6 रुंद आणि 4.1 उंच. वर पितळी पेल्यात काठोकाठ पाणी आहे. ढकलण्याआधी चारही चाकांचा एकेक कोपरा खाचेत बसलाय ना, एवढं बघा. पोट्ट्यांना आधी जाऊ द्या.