लोखंड पकडणं सोपं, सोडवणं कठीण

श्रोतेहो, नमस्कार.

जस्त, निकेल, कोबाल्ट मिळवायचं म्हणजे खनिज आम्लात विरघळवायचं. पण आम्लाला आवडनिवड नसते. लोखंडही सोबत उतरतं, आणि पुष्कळदा हव्या त्या धातूपेक्षा जास्तच.

१९६०च्या दशकापासून जस्ताचे कारखाने हे लोखंड जॅरोसाइट नावाच्या पिवळ्या गाळाच्या रूपात खाली बसवतात. गाळ गाळायला सोपा, पण त्याचे ढीग वर्षानुवर्षं सांभाळावे लागतात. त्याला पर्याय म्हणून द्रावकाने, म्हणजे पाण्यात न मिसळणाऱ्या तेलकट द्रवाने, लोखंड ओढून घ्यायचं.

यासाठी केरोसिनमध्ये डीटूईएचपीए हे फॉस्फरसयुक्त सेंद्रिय आम्ल मिसळतात. हे मिश्रण धातूच्या द्रावणाबरोबर घुसळायचं आणि स्थिर होऊ द्यायचं. तेलकट थर वर येतो, पाणी खाली राहतं. मधल्या काळात फेरिक लोखंडाचा, म्हणजे तीन धन प्रभार असलेल्या लोखंडाचा, एकेक आयन वर गेलेला असतो आणि बदल्यात तीन हायड्रोजन आयन पाण्यात आलेले असतात. पीएच १च्या आसपास, म्हणजे द्रावण खूप आम्लयुक्त असतानाही, हे घडतं; जस्ताला त्याहून कमी आम्लता लागते, निकेल-कोबाल्टला आणखी कमी. म्हणून लोखंड आधी निघतं. मात्र ते फेरिक हवं. फेरस, म्हणजे दोनच प्रभारांचं, असेल तर आधी ऑक्सिडीकरण करून फेरिक करा.

इथवर सगळं छान. खरी गोम पुढे आहे. द्रावक पुन्हा वापरायचा तर त्यातलं लोखंड काढायला हवं, आणि ते निघता निघत नाही. जस्त सल्फ्युरिक आम्लाने सहज सुटतं. लोखंडाला बहुधा ६ मोलर, म्हणजे चांगलंच तीव्र, हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं. नामिबियातल्या स्कॉर्पियन कारखान्यात २००३पासून याच द्रावकाने जस्त काढत. चुकून शिरलेलं लोखंड साचू नये म्हणून द्रावकाचा काही भाग सतत बाजूला काढून असा धुवावा लागे. शिवाय या आम्लातलं क्लोराइड मागे राहिलं, तर शेवटी वीज वापरून द्रावणातून जस्त काढताना, म्हणजे विद्युत्‌विघटनात, शिशाचे धनाग्र खराब होतात. म्हणूनच नवा द्रावक कुणी दाखवला, की मी आधी विचारतो: लोखंड सोडतो कसा?

एक युक्ती मला आवडते. भरलेल्या द्रावकात आम्लासोबत जस्ताची भुकटी घालायची. फेरिकचं फेरस होतं, पकड सैल पडते आणि लोखंड खाली उतरतं. जस्ताच्या कारखान्यात परका धातूही येत नाही.

लोखंड क्लोराइड द्रावणात असेल, तर ट्रायब्युटिल फॉस्फेट हा दुसरा द्रावक वापरला की पाण्याचा पिवळा रंग बघता बघता वरच्या थरात चढतो. नंतर नुसत्या पाण्याने धुतलं तरी लोखंड उतरतं, आणि ते फेरिक क्लोराइड पाणीशुद्धीकरणासाठी वापरता येतं.