तेल यंत्रात जाण्याआधी

(जळगावात तेलगिरण्यांमधले केमिस्ट आणि रसायनशास्त्राचे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

जानेवारीतल्या एका सकाळी धुळे तालुक्यातल्या एक मावशी गोडेतेलाची बाटली घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आल्या. घरच्या शेंगा त्यांनी घाणीवर दिल्या होत्या. तेल आपल्याच शेंगांचं की त्यात सरकी ओतलीय, एवढंच त्यांना हवं होतं. अशा प्रश्नाचं उत्तर गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे नमुन्याची वाफ करून त्यातले घटक वेगळे करणारं आणि मोजणारं यंत्र, देतो असं आपण म्हणतो. माझ्या मते उत्तर बरंचसं त्याआधीच, परीक्षानळीत ठरून जातं. म्हणून आज यंत्राबद्दल मी कमी बोलणार आहे.

तेल म्हणजे ट्रायग्लिसराइड, एका ग्लिसरॉलला धरून बसलेली तीन मेदाम्लं. हा जड गठ्ठा यंत्रातल्या नेहमीच्या कॉलममधून, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या लांब नळीतून, वाफ होऊन जात नाही. गठ्ठा सोडवून मोकळी आम्लं पाठवली तरी ती कॉलमला चिकटत जातात आणि आलेखावरच्या त्यांच्या शिखराला लांब शेपूट येतं. जेम्स आणि मार्टिन या शास्त्रज्ञांनी १९५२ साली या यंत्रामागची वायू-द्रव क्रोमॅटोग्राफी मांडली तीच मुळी फॉर्मिकपासून बारा कार्बनपर्यंतची आम्लं वेगळी करून. सोळा-अठरा कार्बनच्या आम्लांसाठी मात्र त्यांचं मिथिल एस्टर, म्हणजे मिथेनॉलशी जोडून केलेलं संयुग, करून घेणं सोयीचं. आम्लाचं चिकट टोक झाकलं जातं, उकळणबिंदू खाली येतो.

ताज्या, चांगल्या तेलाला हे काम सोपं आहे. ०.१ ग्रॅम तेल, २ मिली हेप्टेन हे द्रावक, त्यात मिथेनॉलमधलं २ नॉर्मल तीव्रतेचं पोटॅशियम हायड्रॉक्साइड ०.२ मिली. बूच लावून अर्धा मिनिट जोरात हलवा. ग्लिसरॉल खाली बसू द्या, वरचा निवळ थर घ्या. पण नळी कोरडी हवी. पाण्याचा अंश राहिला की एस्टरऐवजी साबण होतो. पावसाळ्यात मिथेनॉलची बाटली उघडी ठेवणाऱ्या मुलांवर मी रागावतो ते याचसाठी.

ही सोपी रीत मी एकदा चुकीच्या तेलावर वापरली. शेव तळून तळून काळं पडलेलं ते कढईतलं तेल होतं. वारंवार तापलेल्या तेलात मोकळी आम्लं वाढतात, आणि अल्कली, म्हणजे इथलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड, त्यांचं एस्टर करत नाही, साबण करते. माझ्या नळीत फेसाळ दुधी थर झाला, निवळ थर सुटेना. जो थोडा सुटला तो मी यंत्रात घातला आणि आकडे लिहून दिले. त्या अहवालात मोकळ्या आम्लांचा हिशेबच नव्हता. तो मला परत घ्यावा लागला. अशा तेलाला आधी मिथेनॉलमधल्या सोडियम हायड्रॉक्साइडबरोबर उकळायचं, मग बोरॉन ट्रायफ्लोराइड घालून पुन्हा उकळायचं, म्हणजे बांधलेली आणि मोकळी, दोन्ही आम्लं एस्टर होतात. नंतर हेप्टेन आणि मिठाचं संपृक्त द्रावण घातलं की थर स्वच्छ वेगळे होतात. बोरॉन ट्रायफ्लोराइड विषारी आहे, फ्युम हूडशिवाय त्याला हात लावू नका. बाटली जुनी झाली तर नको ती शिखरं उगवतात.

मग सगळ्याच तेलांना हीच रीत का नको? कारण आपली सरकी. जिनिंगमधून निघालेल्या सरकीची ढेप आपल्या गोठ्यात आणि तेल आपल्या कढईत जातं, पण त्या तेलात मालव्हॅलिक आणि स्टर्क्युलिक अशी वळ्याच्या घडणीची आम्लं असतात. बोरॉन ट्रायफ्लोराइडसारख्या आम्लधर्मी उत्प्रेरकाने ती कडी फुटते. सरकीवर अल्कलीचीच रीत बरी.

तुपाचं दुखणं आणखी निराळं. त्यातल्या ब्युटिरिक आम्लाचं मिथिल एस्टर साधारण १०२ अंशांना उकळतं. द्रावक उडवून नमुना आटवायला बसलात तर तेही उडतं. नळीजवळ फळासारखा गोड वास आला तर समजा, तुपाची ओळखच निघून चालली आहे. आणि रवाळ तूप चमच्याने वरवर उचलू नका. रवा आणि पातळ तूप यांची घडण सारखी नसते. सगळं वितळवा, ढवळा, मग घ्या.

हे शेवटचं मी मावशींच्या बाटलीकडून शिकलो. शेंगतेलाची खूण म्हणजे बेहेनिक आणि लिग्नोसेरिक ही बावीस आणि चोवीस कार्बनची आम्लं. बेहेनिक सहसा दीड ते साडेचार टक्के, सरकीत ते नावापुरतंच. उलट पामिटिक सरकीत २१ ते २६ टक्के, शेंगतेलात १४ च्या आत. मावशींच्या नमुन्यात बेहेनिक कमी आलं. भेसळ लिहायला पेन उचललं होतं, पण पामिटिक वाढलेलं नव्हतं, आणि सरकी असती तर ते वाढायला हवं होतं. बाटली पुन्हा पाहिली. धुळ्याच्या थंडीत तळाशी गढूळ गर बसला होता आणि मी वरचं निवळ तेल घेतलं होतं. लांब साखळीची संपृक्त आम्लं त्या गरात जास्त जमतात. बाटली कोमट पाण्यात ठेवली, पूर्ण निवळल्यावर हलवली आणि पहिल्यापासून सगळं केलं. बेहेनिक जागेवर आलं. संध्याकाळी मावशींना फोन करून सांगितलं, तेल तुमच्याच शेंगांचं दिसतंय.