आठव्या वळणावर

नमस्कार, श्रोतेहो.

सायकलवरून घाट चढताना नजर फार लांब जात नाही. पुढचं चाक आणि त्याच्यापुढचा हातभर रस्ता, एवढंच जग उरतं. व्हर्शिचच्या घाटातले दगड मला दिसले ते त्यामुळेच.

व्हर्शिच ही स्लोव्हेनियातली, ज्युलियन आल्प्समधली खिंड. उंची १६११ मीटर. उत्तरेला पायथ्याशी क्रान्स्का गोरा हे गाव, दक्षिणेला ट्रेंटाचं खोरं, आणि या दोघांना जोडणारी ५० वळणं. क्रान्स्का गोराच्या बाजूने चढताना २४, पलीकडे उतरताना २६. प्रत्येक वळणावर पाटी आहे, तिच्यावर वळणाचा क्रमांक आणि उंची. चढणाऱ्याला या पाट्यांचा फार आधार वाटतो. रस्ता डांबरी आहे, पण उत्तरेकडच्या वळणांवर अजून घडीव दगडांची फरसबंदी आहे. चाक तिच्यावर आलं की हँडल तळहातात थरथरायला लागतं. पावसात हे दगड निसरडे होतात, म्हणून ओल्या दिवशी मी तिथे खाली उतरून सायकल ढकलली. ढकलताना दगड आणखी जवळून दिसले. प्रत्येकाची कड वेगळी, एकाला एक बिलगवून बसवलेली. हे कुणी बसवलं असेल, हा प्रश्न तिथे आपोआप पडतो.

उत्तर आठव्या वळणावर मिळतं.

पहिल्या महायुद्धात, मे १९१५ मध्ये, इटलीने इथे तेव्हा राज्य असलेल्या ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि खिंडीपलीकडे सोचा नदीच्या काठाने आघाडी उभी राहिली. तिथल्या सैन्याला दारूगोळा आणि धान्य पोचवायचं होतं. आगगाडी क्रान्स्का गोरापर्यंत येत होती, पण पुढे डोंगर आडवा. म्हणून ऑस्ट्रिया-हंगेरीने रशियन युद्धकैद्यांना रस्त्याच्या कामावर जुंपलं. दहा हजारांच्या घरात माणसं. आज ज्या वळणांचे आपण कौतुकाने फोटो काढतो, ती अवजड गाड्यांना आणि तोफांना चढ झेपावा म्हणून काढलेली आहेत. माझ्या पायांना तो चढ झेपला, तोही त्याच कारणाने.

रस्ता झाला, पण हिवाळ्यातही तो उघडा ठेवायचा हुकूम होता. कैदी बर्फ उपसत राहिले. ८ मार्च १९१६ रोजी डोंगरावरून प्रचंड हिमकडा कोसळला आणि शंभराहून जास्त कैदी त्याखाली गेले. त्यांच्याबरोबर त्यांचे पहारेकरीही गेले. उरलेल्या कैद्यांनी रस्त्याच्या कडेला, झाडीत, एक लाकडी प्रार्थनाघर बांधलं. दोन बाजूंना दोन बारीक मनोरे, त्यांच्या माथ्यावर कांद्याच्या आकाराचे छोटे घुमट. हातात होतं त्या लाकडातून त्यांनी आपल्या गावाकडचं देऊळ उभं केलं. शेजारी एक दगडी स्तंभ आहे, त्यावर 'रशियाच्या पुत्रांना' एवढंच कोरलंय. दरवर्षी जुलैच्या अखेरीला तिथे माणसं जमतात आणि मेणबत्त्या लावतात. २००६ पासून क्रान्स्का गोरा ते व्हर्शिच या रस्त्याचं नावच 'रशियन रस्ता' आहे.

मी तिथे बराच वेळ बसून होतो. खाली रस्त्यावरून मोटारी जात होत्या. मोटारीतल्यांना दोष देत नाही, पण ती चढण त्यांना कळणार नाही असं मला मनापासून वाटतं. छाती भात्यासारखी चालू असताना, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत असताना माणूस आठव्या वळणावर पोचतो, तेव्हा फावडं धरलेल्या हातांची थोडी तरी कल्पना येते. थोडीच. आपल्या पोटात अन्न असतं आणि दमल्यावर थांबायला आपण मोकळे असतो.

खिंडीपलीकडे सगळं दृश्य बदलतं. उंच राखाडी कडे, खाली हिरवं खोरं, आणि त्यात सोचा नदी. तिचा उगम ट्रेंटात, रस्त्यापासून थोडं वर चालत गेलं की आहे. शेवटचा टप्पा खडकाचा, तिथे हाताला लोखंडी तार लावलेली आहे. हा प्रवाह पाचूच्या रंगाचा असतो असं वाचलं होतं, तरी पहिल्यांदा पाहताना मी दचकलो. इतकं स्वच्छ, इतकं हिरवंनिळं पाणी! इटालियन लोक याच नदीला इझोन्झो म्हणतात, आणि युद्धाच्या इतिहासात तिचं हेच नाव जास्त गाजलं. जून १९१५ ते नोव्हेंबर १९१७ या काळात या नदीसाठी बारा लढाया झाल्या. अकरा वेळा इटलीने चढाई केली. बाराव्या वेळी, २४ ऑक्टोबर १९१७ ला, जर्मन आणि ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजा नदीकाठच्या कोबारिद गावापाशी आघाडी फोडून आत घुसल्या.

कोबारिदला सायकल ठेवा आणि चाला, हे माझं आग्रहाचं सांगणं. गावातल्या संग्रहालयापासून साधारण पाच किलोमीटरची एक फेरी निघते. आधी टेकडीवर इटालियन सैनिकांचं स्मारक लागतं, तिथे ७०१४ जणांच्या अस्थी आहेत. मग वाट रानातून जाते, इटालियन सैन्याच्या खंदकांजवळून, आणि झुलत्या पुलावरून नदी ओलांडते. पुढे एका घळीत कोझ्याकचा धबधबा. पंधराच मीटर उंच, पण चहूबाजूंनी खडकाने असा मिटवून घेतलेला की गुहेत उभं राहिल्यासारखं वाटतं. खंदक आणि धबधबा यांच्यात काही मिनिटांचंच अंतर आहे. मला ते अंतर कमी वाटलं, थोडं अधिक हवं होतं. मन एवढ्या लवकर फिरत नाही.

चालणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. या डोंगरांत अजूनही जुने तोफगोळे आणि हातबॉम्ब सापडतात. गंजलेलं लोखंड दिसलं तर हात लावू नका, पायाने उलथूही नका. मुलं बरोबर असतील तर त्यांना निघण्यापूर्वीच बजावून ठेवा. खंदकांना जोडलेली भुयारं आहेत, त्यासाठी डोक्याला बांधायची विजेरी घ्या. आणि व्हर्शिच हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतो, तेव्हा उन्हाळ्यातच जा.

कुठे सायकल आणि कुठे पाय, हा आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो, पण काही ठिकाणी डोंगरच तो ठरवतो. याच युद्धातला इटलीतला पासुबियो हा डोंगर घ्या. वर जाणारी स्कारुब्बीची गाडीवाट शत्रूच्या तोफांच्या माऱ्यात येत होती आणि हिवाळ्यात बर्फाने बंद पडत होती. म्हणून १९१७ च्या एका वर्षात इटालियन सैनिकांनी उभ्या कड्यातून खेचरांची वाट कोरली. लांबी साडेसहा किलोमीटर, त्यात ५२ भुयारं. एक भुयार तर खडकाच्या सुळक्याच्या पोटात नागमोडी गोल फिरत वर चढतं. त्या वाटेवर आज सायकलला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. कठड्याविना एका बाजूला थेट दरी आहे. सायकलवाले जुन्या स्कारुब्बीच्या वाटेने वर जातात, म्हणजे ज्या वाटेने शत्रूला दिसायची भीती होती, तिनेच.

आता पुन्हा सोचाकडे, शेवटचा मुक्काम, नदीकाठच्या तोल्मिन गावाच्या वरचं यावोर्त्सा. अरुंद रस्ता संपला की सायकल उभी करून थोडं चढत जावं लागतं. गवताळ उतारावर एक लाकडी चर्च आहे. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैनिकांनी ते १९१६ मध्ये, मार्च ते नोव्हेंबर या काळात बांधलं. आघाडी जवळच होती. बाहेरच्या भिंतींवर त्या साम्राज्यातल्या निरनिराळ्या प्रांतांची चिन्हं रंगवलेली आहेत. आत शिरल्यावर निळा, काळा आणि सोनेरी रंग, आणि भिंतींना बिजागऱ्यांवर लावलेल्या ओकच्या फळ्या. वहीच्या पानांसारख्या त्या उलटता येतात. फळ्या दारूगोळ्याच्या पेट्यांच्या. त्यांवर २५६४ मृत सैनिकांची नावं डागून लिहिलेली आहेत.

मी एक फळी उलटली. जळलेल्या अक्षरांवर बोट ठेवलं तर कडा किंचित खोलगट लागतात. आडनावं कितीतरी भाषांची, काही उच्चारताही येईनात. मी ती हळूहळू, अडखळत वाचत गेलो. व्हर्शिचच्या बर्फाखाली गेलेल्या कैद्यांसाठी अशी फळी नाही. त्यांच्या वाट्याला स्तंभावरचे दोन शब्द आले आणि चाकाखालचे ते दगड.

फळी मिटली तेव्हा बिजागरी करकरली. बाहेर ऊन होतं, खालच्या दरीतून पाण्याचा आवाज येत होता. मी सायकलपर्यंत उतरलो आणि तोल्मिनपर्यंत ती हातात धरूनच चालत आलो.

नमस्कार.