फेरफार लिहायचा कोणी?

सातबारा आपण सगळ्यांनीच पाहिलाय. जमीन आज कोणाच्या नावावर आहे ते त्यात कळतं, आणि जवळच एक फेरफार क्रमांक असतो. तो घेऊन गाव नमुना सहा बघितला की पुढचं उलगडतं: खरेदी होती, वारसनोंद होती की बक्षीसपत्र. आपल्या डेटाबेसमधल्या बऱ्याच टेबलांना नुसता सातबारा असतो, फेरफार नसतोच. आणि ठेवायचा ठरवला की भांडण सुरू होतं: तो ॲप्लिकेशनच्या कोडने लिहायचा की ट्रिगरने, म्हणजे टेबलात बदल झाला की डेटाबेस आपणहून चालवतो त्या तुकड्याने?

मी बरीच वर्षं कोडच्या बाजूचा होतो. सेव्ह करताना लॉगची एक ओळ, संपलं! मग कोणीतरी रात्री थेट डेटाबेसमध्ये शिरून अपडेट मारतं, आणि कोडला त्याचा पत्ताच नसतो. जँगो या पायथनच्या वेब-फ्रेमवर्कमध्ये तर बाहेरचा माणूसही लागत नाही. क्वेरीसेटवर, म्हणजे ओळींच्या संचावर, एकदम अपडेट चालवलं की ना सेव्ह चालतं, ना सेव्ह झाल्याचा पोस्ट-सेव्ह सिग्नल जातो. रुबीच्या रेल्स फ्रेमवर्कमधलं अपडेट-ऑलही कॉलबॅक, म्हणजे सेव्हसोबत आपोआप चालणारा कोड, गाळतं.

ट्रिगर दारातच बसलेला असतो. बदल कुठूनही येवो, पोस्टग्रेस या डेटाबेसमधल्या रो-ट्रिगरच्या (दर ओळीमागे चालणाऱ्या ट्रिगरच्या) हातात ओळीचं जुनं रूप आणि नवं रूप दोन्ही असतात. नोंद त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे बदल एकत्र पक्के किंवा एकत्र रद्द) होते, त्यामुळे रोलबॅक होऊन बदल रद्द झाले तर तीही पुसली जाते. त्याच्या डुलक्याही माहीत हव्यात. ट्रंकेटला, म्हणजे अख्खं टेबल एका आज्ञेने रिकामं करण्याला, रो-ट्रिगर चालत नाही. मायएसक्यूएल ८.० मध्ये फॉरेन कीच्या कॅस्केडने, म्हणजे जोडलेली मूळ ओळ काढली म्हणून आपोआप, उडालेल्या ओळींवरही नाही.

पण खरी अडचण वेगळीच. ॲप्लिकेशन कनेक्शन पूलमधून (उघडून ठेवलेल्या, आळीपाळीने वापरायच्या जोडण्यांमधून) एकाच डेटाबेस युजरने येतं. ट्रिगरला विचारा, कोणी केलं? प्रत्येक ओळीला उत्तर एकच: ‘ॲप-युजर’. का केलं, हे तर त्याला कळायचा मार्गच नाही. ते फक्त कोडला ठाऊक. म्हणून माझं मत असं, की लिहावं ट्रिगरने आणि नाव-कारण सांगावं कोडने. ट्रान्झॅक्शनच्या सुरुवातीला ‘सेट लोकल’ने, तेवढ्या ट्रान्झॅक्शनपुरता, युजरचा आयडी ठेवायचा, ट्रिगरने तो वाचायचा. ‘लोकल’ विसरू नका. नुसतं ‘सेट’ केलंत तर ते नाव कनेक्शनला चिकटून राहतं, आणि गोडबोल्यांचं काम पाटलांच्या नावावर चढतं.

हे हौसेचं काम राहिलेलं नाही. १ एप्रिल २०२३ पासून आपल्याकडे कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला प्रत्येक बदलाचा तारखेसह माग ठेवणं बंधनकारक आहे, आणि तो बंद करता येता कामा नये. आता गंमत बघा. पोस्टग्रेसमध्ये टेबलाचा मालक ‘डिसेबल ट्रिगर’ची एक आज्ञा देऊन आपला ट्रिगर झोपवू शकतो. आणि आपण टेबलं बनवतो कोणत्या युजरने? बहुतेक वेळा त्याच ॲप-युजरने. तेव्हा आधी मालकी वेगळ्या युजरकडे द्या, ॲप-युजरकडून ऑडिट टेबलावरचे (जिथे हा फेरफार लिहिला जातो त्यावरचे) अपडेट आणि डिलीटचे हक्क काढा, आणि मग ट्रिगर लिहायला बसा.